‘प्रोक्रॅस्टिनेशन’ आणि आपली दिरंगाई : एका इंग्रजी शब्दाच्या वापराविषयी काही विचार

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील महाविद्यालयांतून अध्यापन करणाऱ्यांना विद्यार्थ्यांचे अनेक इंग्रजी अर्ज वाचावे लागतात. परीक्षेला उशीर झाला, दाखला वेळेत मिळाला नाही, प्रबंधिका मुदतीत सादर करता आली नाही, अशी त्यांची कारणे असतात. प्रस्तुत लेखकाने वाचलेल्या अशा अर्जांपैकी तीन अर्ज या टिपणाला निमित्त झाले आहेत. पहिल्यात बदलापूरहून येणाऱ्या विद्यार्थिनीने लिहिले होते की, रेल्वेच्या ‘प्रोक्रॅस्टिनेशन’मुळे आपण परीक्षागृहात उशिरा पोहोचलो. दुसऱ्यात एका विद्यार्थ्याने म्हटले होते की, संबंधित कार्यालयाच्या ‘प्रोक्रॅस्टिनेशन’मुळे आपला दाखला चार महिने अडकला. तिसऱ्यात पदव्युत्तर वर्गातील एकाने, आपण प्रबंधिका ‘प्रोक्रॅस्टिनेट’ केली असल्यामुळे मुदतवाढ मिळावी, अशी विनंती केली होती.

तिन्ही अर्जदारांना हा शब्द भारदस्त वाटला असावा. ‘डिले’ हा शब्द शाळेतला आणि ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ हा महाविद्यालयातला, अशी काहीशी समजूत त्यामागे दिसते. परंतु या तीन वाक्यांचा परिणाम सारखा नाही. पहिल्या अर्जात पावसाने अडलेल्या गाडीवर हेतुपुरस्सर चालढकलीचा आरोप झाला आहे. दुसऱ्यात ज्यांनी कर्तव्यात कसूर केली असण्याची शक्यता आहे, त्यांना मनुष्यस्वभावातील एका सर्वसामान्य दुबळेपणाच्या आड आश्रय मिळाला आहे. तिसऱ्या अर्जदाराने सवलत मागताना स्वतःविरुद्धच साक्ष दिली आहे. एकाच शब्दाने निरपराध्याला दोषी ठरवावे, दोषी असलेल्याचा दोष सौम्य करावा आणि याचकाची याचना फेटाळण्यास कारण पुरवावे, ही गोष्ट केवळ इंग्रजी कच्चे असल्याची खूण म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

मराठी साहित्याच्या नियतकालिकात एका इंग्रजी शब्दाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकेल. त्याचे उत्तर असे की, या चुकीचे मूळ इंग्रजीत नसून मराठीत आहे. आपल्या भाषेत विलंबाचे अनेक प्रकार वेगवेगळ्या शब्दांनी ओळखले जातात. ते प्रकार वेगळे ठेवण्याची सवय आपण सोडून दिली आहे आणि म्हणून इंग्रजीत लिहिताना त्या सर्वांसाठी एकच शब्द आपल्या हाती येतो. हेच या टिपणाचे प्रतिपाद्य आहे.

१

प्रथम शब्दाकडे वळू. लॅटिनमध्ये ‘क्रास’ म्हणजे उद्या, ‘क्रास्टिनुस’ म्हणजे उद्याचा आणि ‘प्रो’ हा उपसर्ग पुढच्या दिशेचा सूचक. ‘पुढे, उद्यावर नेणे’ हा या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ होय. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला. आपण ‘उद्यावर ढकलणे’ म्हणतो त्यात आणि या लॅटिन घडणीत विलक्षण साम्य आहे. दोन्हीकडे ‘उद्या’ हा केंद्रस्थानी आहे. उल्हासनगरच्या बाजारात ‘आज नगद, कल उधार’ अशी पाटी दिसते. तिच्यातला ‘उद्या’ जसा कधी उगवत नाही, तसाच या शब्दातला ‘उद्या’ही कधी येत नाही.

आधुनिक मानसशास्त्राने या शब्दाचा अर्थ अधिक काटेकोर केला आहे. पिअर्स स्टील या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये या विषयावरील संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात मांडलेली व्याख्या थोडक्यात अशी सांगता येईल : जे करण्याचे आपण योजिले आहे ते, पुढे ढकलल्याने आपलेच नुकसान होईल अशी अपेक्षा असूनही, स्वेच्छेने पुढे ढकलणे. या व्याख्येची फोड केली असता चार अटी हाती लागतात. काम स्वतःच्या योजनेतले असावे. ते करण्याचा हेतू असावा. करणे किंवा न करणे आपल्या हातात असावे. आणि लांबवण्यात तोटा आहे याची जाणीव असावी. या चारही अटी पुऱ्या झाल्या तरच ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ हा शब्द सार्थ ठरतो.

यावरून हा शब्द कशाकशाचा वाचक नाही, हेही स्पष्ट होते. तो आळसाचा पर्याय नाही. आळशी मनुष्याला काम करावयाचेच नसते. चालढकल करणाऱ्याला ते करावयाचे असते आणि त्यामुळेच तो अस्वस्थ असतो. प्रबंधाचे प्रकरण लिहावयाचे टाळण्यासाठी जो कपाटातील सर्व पुस्तके विषयवार लावतो, त्याला कोणी आळशी म्हणणार नाही. तद्वत, विचारपूर्वक निर्णय लांबणीवर टाकणे म्हणजेही ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ नव्हे. पुरावा अपुरा आहे म्हणून संशोधकाने निष्कर्ष राखून ठेवला, तर त्याने विवेक केला असे म्हणावे लागेल. त्यासाठी इंग्रजीत ‘डिफर’ किंवा ‘पोस्टपोन’ हे शब्द आहेत.

व्याकरणाच्या दृष्टीनेही काही गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट आहे. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ हे क्रियापद आजच्या इंग्रजीत अकर्मक म्हणून वापरले जाते. जुन्या इंग्रजीत त्याचा सकर्मक वापर आढळतो. परंतु आज ‘सभा प्रोक्रॅस्टिनेट केली’ अशा धाटणीचे वाक्य लिहिणे चूक होय. सभा ‘पोस्टपोन’ केली जाते. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ मनुष्य करतो आणि ज्या कामाबाबत करतो ते ‘ऑन’, ‘ओव्हर’ यांसारख्या शब्दयोगी अव्ययाने जोडावे लागते. तिसऱ्या अर्जदाराचा अर्थ बिनचूक होता, चूक झाली ती येथे. मराठीत आपण ‘काम लांबवले’ असे सकर्मक बोलतो आणि तीच वाक्यरचना इंग्रजीत जशीच्या तशी उतरते.

आणखी एक घोटाळा ‘प्रिव्हॅरिकेशन’ या शब्दाशी होतो. त्याचे लॅटिन मूळ वाकडे चालणे या अर्थाचे असून आजचा अर्थ सरळ उत्तर न देणे, सत्याला बगल देणे असा आहे. हा घोटाळा इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांकडूनही होतो; आपल्याकडे मात्र त्याला एक देशी कारण आहे. आपली ‘टाळाटाळ’ दोन्हींना पुरते. कामाची टाळाटाळ आणि उत्तराची टाळाटाळ असे आपण सारख्याच सहजतेने म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘उडवाउडवीची उत्तरे’ एका बाजूला आणि ‘उद्यावर ढकलणे’ दुसऱ्या बाजूला, असे दोन वेगळे शब्द करावे लागतात.

२

आता मराठीतील शब्दसंपत्ती पाहू. विलंब, उशीर, खोळंबा, दिरंगाई, चालढकल, टाळाटाळ, टंगळमंगळ, चेंगटपणा, वेळकाढूपणा, कामचुकारपणा, हयगय, कुचराई, दीर्घसूत्रीपणा ही यादी सहज डोळ्यांसमोर येते. तिच्यात ‘भिजत घोंगडे ठेवणे’, ‘लांबणीवर टाकणे’, ‘वेळ मारून नेणे’ यांसारखे वाक्प्रचार मिळवता येतील. आपले कोश पुष्कळदा यांतील एकाचा अर्थ देताना दुसरा शब्द देतात आणि त्यामुळे हे सर्व समानार्थी आहेत असा समज दृढ होतो. वस्तुतः त्यांतील प्रत्येकाचे क्षेत्र निराळे आहे.

‘विलंब’ आणि ‘उशीर’ हे केवळ काळाचे मोजमाप सांगतात; दोष कोणाचा, याविषयी ते मौन पाळतात. ‘खोळंबा’ याच्या पुढे जाऊन असे सांगतो की, मनुष्याची इच्छा असूनही परिस्थितीने त्याला अडवले आहे. प्रवासी खोळंबतात, गाड्या खोळंबतात; खोळंबणाऱ्याला आपण दोष देत नाही. ‘चेंगटपणा’ हा गतीचा दोष आहे : काम सुरू आहे, पण सरकत नाही. ‘टंगळमंगळ’ म्हणजे मुख्य काम बाजूला ठेवून किरकोळ गोष्टींत वेळ घालवणे. ‘वेळकाढूपणा’त डावपेच असतो, वेळ जावा हाच तेथे हेतू असतो आणि त्यात करणाऱ्याचे नुकसान नसून बहुधा लाभच असतो. ‘कामचुकारपणा’त काम करण्याचा हेतूच नसतो. ‘हयगय’ आणि ‘कुचराई’ यांत सोपवलेल्या कर्तव्याविषयीची बेपर्वाई आहे.

राहता राहिले ‘दिरंगाई’ आणि ‘चालढकल’. ‘दिरंगाई’ ही ‘दिरंग’ या फारसी शब्दावरून आली आहे. ‘दप्तर’ही फारसीतूनच आलेले, म्हणून ‘दप्तरदिरंगाई’ हा सामासिक शब्द पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा दोन्ही अंगांनी दरबारी आहे. आजही ‘दिरंगाई’ प्रामुख्याने अधिकारपदाशी निगडित राहिली आहे. आपण कार्यालयाची दिरंगाई म्हणतो. घरी पत्राला उत्तर लिहावयाचे राहून गेले तर त्याला दिरंगाई म्हणणे किंचित विनोदी वाटते. ‘चालढकल’ ही मात्र कोणाचीही असू शकते. ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ला सर्वांत जवळचा मराठी शब्द हाच होय. तथापि त्यातही एक भेद आहे. कारकून एखाद्या अर्जदाराची ‘उद्या या’ म्हणून बोळवण करतो, तेव्हा त्यालाही आपण चालढकल म्हणतो. पण ते काम करण्याचा त्याचा हेतू मुळात असेलच असे नाही. मराठी चालढकल स्वतःशी असते आणि दुसऱ्याशीही असते. इंग्रजी शब्दात स्वतःशी चाललेली चालढकल प्रधान आहे.

येथे मराठीच्या वाक्यरचनेतील एक विशेष नोंदवण्यासारखा आहे. ‘काम रखडले’, ‘काम खोळंबले’, ‘कामे तुंबली’ या वाक्यांत कर्ता काम आहे. मनुष्य अदृश्य आहे. ‘काम रखडवले’ असे प्रयोजक रूप वापरताच विचारावे लागते, कोणी? अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली येथे स्थानक व्हावे, ही प्रवाशांची जुनी मागणी. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला २०१९ मध्ये ‘एमयूटीपी-३अ’ या प्रकल्पात मंजुरी मिळाली. अशा कामांविषयी बोलताना आपण ‘रखडले’ म्हणतो, ‘रखडवले’ म्हणत नाही. कारण निधी, भूसंपादन, मंजुऱ्या यांत नेमके कोण अडले हे आपल्याला ठाऊक नसते. त्या अर्थी ‘रखडले’ हा प्रामाणिक शब्द आहे. इंग्रजीत मात्र ‘प्रोक्रॅस्टिनेट’ या क्रियापदाला मनुष्य कर्ता लागतो. काम ‘प्रोक्रॅस्टिनेट’ होत नाही. ‘रखडले’चे भाषांतर या शब्दाने केले की, जो कर्ता मराठीत आपण सांगितलाच नव्हता, तो इंग्रजीत नकळत उभा राहतो. ‘स्टॉल्ड’, ‘पेन्डिंग’, ‘हेल्ड अप’ हे त्या ठिकाणी योग्य शब्द होत.

३

आळस आणि चालढकल यांतील भेद आपल्या परंपरेला अपरिचित होता असे नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या श्लोकात तामस कर्त्याची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत ‘अलस’ आणि ‘दीर्घसूत्री’ ही दोन स्वतंत्र विशेषणे येतात. दोहोंचा अर्थ एकच असता, तर इतक्या नेमक्या यादीत दोन्ही घेण्याचे प्रयोजन नव्हते. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात ‘दीर्घसूत्री’चा उलगडा करताना, आज किंवा उद्या करावयाचे काम जो महिनाभरातही करीत नाही तो, अशा आशयाचे स्पष्टीकरण दिले आहे. लॅटिनमधील ‘उद्या’ येथेही आपल्या जागी हजर आहे, हे लक्षणीय होय. आणखी एक गोष्ट अशी की, श्लोकात ‘दीर्घसूत्री’च्या अगदी शेजारी ‘विषादी’ हे विशेषण आहे. लांबणीवर टाकणे आणि खिन्नता यांचे सान्निध्य येथे सुचवले गेले आहे काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

तीन माशांची कथाही या संदर्भात उद्‌बोधक ठरते. महाभारताच्या शांतिपर्वात तिसऱ्या, म्हणजे प्राणास मुकणाऱ्या, माशाचे नाव ‘दीर्घसूत्र’ आहे. पंचतंत्र आणि हितोपदेश यांत त्याच माशाचे नाव ‘यद्भविष्य’ झाले आहे. कथानक जवळजवळ तेच, शेवटही तोच. पण नाव बदलताच दोष बदलला. ‘दीर्घसूत्र’ हालचाल करणार आहे, फक्त आताच नाही. ‘यद्भविष्य’ मात्र होणार ते होईल म्हणून स्वस्थ आहे. एक चालढकल करतो, दुसरा दैववादी आहे. इंग्रजीत पहिल्याला ‘प्रोक्रॅस्टिनेटर’ म्हणता येईल, दुसऱ्याला म्हणता येणार नाही. जाळ्यात दोघेही सापडतात, हे खरे. पण मरणाचे कारण लिहावयाचे झाल्यास दोघांसाठी एकच शब्द चालणार नाही.

पाश्चात्त्य साहित्यातील या प्रवृत्तीचे सर्वपरिचित उदाहरण हॅम्लेटचे होय. गोपाळ गणेश आगरकर यांनी या नाटकाचे मराठी भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. हॅम्लेटच्या विलंबाची मीमांसा करताना कोलरिजने विचाराच्या अतिरेकावर बोट ठेवले, तर ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याच्या मूळाशी असलेल्या विषण्णतेला प्राधान्य दिले. ब्रॅडलींची ही मीमांसा आणि गीतेतील ‘विषादी’ व ‘दीर्घसूत्री’ यांचे शेजार एकमेकांच्या बाजूला ठेवून पाहिल्यास, आपल्या अभ्यासकांना तुलनेचा एक नवा धागा मिळू शकेल असे वाटते. प्रस्तुत चर्चेपुरते एवढेच महत्त्वाचे की, हॅम्लेटबाबत हा शब्द वापरता येतो, कारण काम त्याचे आहे, संकल्प त्याचा आहे आणि विलंबाबद्दल तो स्वतःलाच दूषणे देतो. कृती त्याच्या हातात होती की नव्हती, याविषयी समीक्षकांत वाद आहे. आणि तो वाद म्हणजे वस्तुतः आपल्या तिसऱ्या अटीविषयीचाच वाद होय.

४

शब्दांच्या या भेदांना व्यवहारात कितपत महत्त्व आहे, हे पाहण्यासाठी पुन्हा आपल्या तीन नगरांकडे येऊ.

२७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. ही गाडी वेळेवर पोहोचली नाही. पण या उशिरात कोणाचीही चालढकल नव्हती. हा शुद्ध खोळंबा होता. पहिल्या अर्जातील विद्यार्थिनीचे दुःख याच जातीचे होते. तिला ‘डिले’ एवढाच शब्द पुरेसा होता. तो साधा शब्द तिच्या बाजूने उभा राहिला असता. भारदस्त शब्दाने तिचे निवेदन हास्यास्पद केले.

दुसरे उदाहरण उल्हासनगरचे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. दाटीने वाढलेल्या या शहरातील अनधिकृत बांधकामांचा प्रश्न न्यायालयात गेला आणि ८५५ इमारतींचा विषय गाजला. त्यानंतर केवळ या शहरातील अनधिकृत विकासकामे नियमित करण्यासाठी राज्य विधिमंडळाने २००६ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. पुढे पंधरा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, पंधरवड्याच्या आत मोहिनी पॅलेस आणि साईसिद्धी या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. त्यांपैकी साईसिद्धीच्या दुर्घटनेत सात जण मृत्युमुखी पडले. या दोन इमारती त्या ८५५ मध्ये होत्या किंवा नाही, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. धोकादायक इमारतींविषयी वर्षानुवर्षे निर्णय होत नाही, तेव्हा त्या स्थितीला कोणते नाव द्यावे, हा येथला प्रश्न आहे. तिला ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ म्हणणे म्हणजे परीक्षेचा अभ्यास पुढे ढकलणाऱ्या विद्यार्थ्याच्या पंक्तीला ती नेऊन बसवणे होय. चालढकल करणाऱ्याला तोटा स्वतःला सोसावा लागतो, ही आपली चौथी अट येथे मुळातच मोडते. कारण येथे निर्णय लांबवणारे वेगळे आणि छताखाली झोपणारे वेगळे असतात.

तिसरे उदाहरण बदलापूरचे आणि अधिक वेदनादायक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात तक्रार नोंदवून घेण्यास विलंब झाल्याच्या आरोपावरून लोक रस्त्यावर आणि रेल्वेमार्गावर उतरले. विलंबाचा ठपका ठेवून पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली. बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यात गुन्ह्याची माहिती न कळवणे हाच दंडनीय अपराध मानला आहे. अशा ठिकाणी ‘हयगय’, ‘कुचराई’, ‘कर्तव्यात कसूर’ हे शब्द आपल्याजवळ आहेत आणि इंग्रजीत ‘नेग्लिजन्स’ व ‘डिरिलिक्शन’ आहेत. स्वभावदोषाचा निर्देश करणारा शब्द येथे वापरणे केवळ अशुद्ध नाही, ते अन्याय्य आहे.

कायद्याच्या भाषेने याबाबतीत दाखवलेली सावधगिरी अभ्यासण्यासारखी आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून अमलात आला. लोक त्याला ‘दप्तरदिरंगाईचा कायदा’ म्हणतात; पण अधिनियमाच्या नावात ‘विलंब’ हा निर्दोष शब्द आहे. त्याच्या दहाव्या कलमात, सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे म्हटले आहे. शिस्तभंगाची तरतूद मात्र प्रत्येक विलंबाला लागू होत नाही. ती जाणूनबुजून केलेल्या विलंबाला आणि हलगर्जीपणाला लागू होते. विलंब प्रथम मोजावयाचा, त्यामागील हेतू नंतर तपासावयाचा, असा हा क्रम आहे. १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या पाचव्या कलमातही ‘पुरेसे कारण’ दाखवल्यास विलंब क्षमापित करण्याची सोय आहे. विलंबमाफीचा अर्ज ‘कन्डोनेशन ऑफ डिले’ या नावाने केला जातो. ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ची माफी मागितली जात नाही. कारण उघड आहे : विलंबाला पुरेसे कारण असू शकते, चालढकलीला ते असू शकत नाही. तिसऱ्या अर्जदाराने नेमका तोच शब्द निवडून आपल्या अर्जातील पुरेशा कारणाची जागा स्वहस्ते पुसून टाकली.

५

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. इंग्रजी वृत्तपत्रांत आणि ग्रंथांत शासनाच्या ‘प्रोक्रॅस्टिनेशन’चा उल्लेख आढळतो, लिहिणारे जाणते इंग्रजी लेखक असतात, मग आपल्याच विद्यार्थ्यांना हा निर्बंध कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. संस्थेला मनुष्य कल्पून तिला मनुष्याचे गुणदोष चिकटवणे हा भाषेचा जुना व्यवहार आहे आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. परंतु असा लेखक तो शब्द आरोप म्हणून वापरतो. शासनाला काय करावयाचे आहे हे ठाऊक होते, ते त्याला शक्य होते आणि तरीही ते उद्यावर ढकलत राहिले, असे त्याला म्हणावयाचे असते आणि पुढील परिच्छेदात ते सिद्ध करण्याची जबाबदारी तो घेतो. आमच्या विद्यार्थ्याने आरोप केलेला नसतो. त्याने केवळ ‘उशीर’ या शब्दाला प्रतिष्ठित पोशाख चढवलेला असतो. एकच शब्द पहिल्याच्या लेखनात हत्यार असतो, दुसऱ्याच्या लेखनात अलंकार.

दुसरा आक्षेप मराठीच्या बाजूने येईल. व्यवहारात आपणही ‘दिरंगाई’ आणि ‘चालढकल’ एकमेकांच्या जागी वापरतो, मग हे भेद कृत्रिम नव्हेत काय? याला उत्तर असे की, बोलताना स्वर, प्रसंग आणि समोरचा मनुष्य अर्थ पुरा करतात. लेखनाला, विशेषतः अर्जाला, अहवालाला आणि प्रबंधाला, ते साहाय्य नसते. तेथे शब्दालाच सर्व भार वाहावा लागतो.

६

अध्यापनाच्या दृष्टीने यातून काय निष्पन्न होते? विद्यार्थ्याच्या वहीतील चुकीच्या शब्दावर लाल रेघ ओढून वर ‘डिले’ लिहिणे सोपे आहे. पण त्याने त्याला काही कळत नाही. त्याऐवजी चार प्रश्न विचारावेत : काम कोणाचे होते? ते करण्याचा हेतू होता काय? करणे त्याच्या हातात होते काय? लांबल्याचे नुकसान कोणाचे झाले? ही उत्तरे त्याने प्रथम मराठीत द्यावीत. उत्तर ‘खोळंबलो’ असे आले तर इंग्रजीत ‘डिले’. ‘त्यांनी हयगय केली’ असे आले तर ‘नेग्लिजन्स’. ‘वेळ काढला’ असे आले तर ‘स्टॉलिंग’. ‘सभा पुढे नेली’ असे आले तर ‘पोस्टपोन’. आणि ‘करावयाचे होते, करता येत होते, पण आज करू उद्या करू म्हणत राहिलो’ असे आले, तरच ‘प्रोक्रॅस्टिनेशन’.

पदव्युत्तर वर्गांसाठी याहून मोठे एक काम आहे. विलंबवाचक मराठी शब्दांचा अर्थक्षेत्रांच्या दृष्टीने, म्हणजे कर्ता, हेतू, अधिकार आणि नुकसान या चार अंगांनी, पद्धतशीर अभ्यास झाला पाहिजे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशापासून आजच्या प्रशासनिक परिभाषाकोशांपर्यंत या शब्दांच्या अर्थांत काय फरक पडला, दरबारी ‘दिरंग’ लोकांच्या तोंडी केव्हा आणि कसा आला, ‘चालढकल’ स्वतःशी आणि दुसऱ्याशी अशा दोन अर्थांत केव्हापासून वापरली जाते, हे प्रश्न एका प्रबंधिकेला पुरेसे आहेत. सिंधी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत वावरणाऱ्या उल्हासनगरच्या विद्यार्थ्याला तर हा विषय घरच्या अंगणातच उपलब्ध आहे. विलंबाचे हेच भेद त्याच्या मातृभाषेत कोणत्या शब्दांनी सांगितले जातात, हे त्याच्याइतके आपल्याला कोण सांगणार?

शेवटी एक कबुली देणे क्रमप्राप्त आहे. ते तीन अर्ज प्रस्तुत लेखकाच्या टेबलावर आले, त्याला दोन वर्षे होऊन गेली. हे टिपण तेव्हाच लिहावे असा संकल्प होता, सवड होती, साहित्य हाताशी होते आणि लांबवल्याने मूळ मुद्दे विस्मरणात जातील याची जाणीवही होती. गाड्या वेळेवर धावत होत्या आणि कोणत्याही कार्यालयाने अडवले नव्हते. त्यामुळे या टिपणाच्या विलंबासाठी कोणता शब्द वापरावा, याविषयी निदान लेखकाच्या मनात तरी संदेह नाही.